एका 'सिमिलर्ली'पायी

माझं काम काय ते सांगितलं की लोकांना ते काम वाटतच नाही. कतारला, दोह्यातल्या एका कन्सल्टंट कंपनीत मी इंग्रजी दुरुस्त करते. इंजिनिअर साइटवर जाऊन येतात, अहवाल लिहितात, आणि तो क्लायंटकडे जायच्या आधी माझ्याकडे येतो. इजिप्तचा माणूस वेगळ्या तऱ्हेनं चुकतो, केरळचा वेगळ्या, फिलिपिन्सचा आणखी वेगळ्या. कराडला मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. नवऱ्याला इथं आयटीत नोकरी लागली म्हणून ती सोडली, आणि बरेच दिवस ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये खिडकीतून शाळेच्या बसेस बघत काढल्यावर ही नोकरी मिळाली.

ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. दुसरे एक लातूरकडचे इंजिनिअर होते, पन्नाशीच्या आसपासचे. मी त्यांना सर म्हणायचे, ते चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि पॅन्ट्रीत चहा घेताना ताई. बायको आणि मुलगी लातूरला, ते इथं एकटे. करार एकेका वर्षाचा. माणूस कामाला फार चोख. उन्हाळ्यात इतर लोक गाडीतून उतरायला कुरकुरायचे, तिथं हे हेल्मेट घालून परांचीच्या वरच्या मजल्यापर्यंत चढून प्रत्येक सांधा हातानं हलवून बघायचे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी आपलं आपण कमावलेलं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांचे अहवाल माझ्याकडे येत, पण दुरुस्त्या त्यांना आवडत नसत. "समजतंय ना समोरच्याला? मग झालं की," असं म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी पंधरा दिवस कराडला गेले होते. मी परत कामावर आले त्याच दिवशी रिसेप्शनवरून फोन आला, की कुणीतरी भेटायला आलंय, तुमच्याच भाषेचं.

बाहेर एक ओळखीचे गृहस्थ बसले होते. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले, पांढरी दाढी नीट कातरलेली. परांची बांधणाऱ्या एका लहानशा कंपनीत ते सगळं बघायचे. माणसं कामावर लावणं, परवाने काढणं, आमच्या ऑफिसात कागद आणून देणं, सगळं. वीस-बावीस वर्षं इथं काढलेली. माझ्याशी आणि सरांशी ते नेहमी मराठीत बोलायचे. सर दिसले की, "काय सायेब, लातुरात पाऊस हाय का?" असं हसत विचारायचे. त्या दिवशी ते हसले नाहीत.

"मॅडम, आमचा काय चुकला, तेवढा सांगा," ते म्हणाले. "दुसरा काय मागत नाय मी."

झालं होतं ते असं. द पर्ल नावाच्या उंची वस्तीतल्या एका इमारतीचं बाहेरून दुरुस्तीचं काम निघालं होतं. त्यासाठी परांची कुणी बांधायची यासाठी दोन कंपन्या पुढं होत्या. एक मोठी, आणि दुसरी यांची. दोघांचं साहित्य तपासून अहवाल द्यायचं काम आमच्या सरांकडे आलं. सर यांच्या यार्डात गेले, लोखंडी पाइप जोडायचे क्लॅम्प एकेक उचलून पाहिले आणि निघताना म्हणाले, "माल चांगलाय तुमचा, भाई." आणि मागच्या आठवड्यात क्लायंटकडून मेल आला, की कन्सल्टंटच्या अहवालानुसार दोन्ही कंपन्यांचं साहित्य गंजलेलं आढळल्यामुळे काम तिसऱ्याच कंपनीला दिलं आहे. एवढंच नाही, पुढच्या कामांसाठीही यांना बोलावलं जाणार नव्हतं.

"मी सोता तिथं उभा होतो," ते सांगत होते. "त्यांच्या तोंडानं ऐकलेला हाय. समोर चांगला बोलायचा न् कागदावर दुसराच लिवायचा? कुणी काय दिला त्यांना?"

"नाही हो भाई, तसं काही नसणार. सर तसे नाहीत."

"मलापण तसाच वाटत होता." ते जरा थांबले. "पोरां बरव्यात बसून हायत. मालक बोलतोय, काम नाय तर ठेवू कशाला. पयल्या तुकडीची तिकिटां काढायला सांगितलंय."

बरवा अल बराहा म्हणजे इंडस्ट्रियल एरियाजवळची कामगारांची मोठी वसाहत. त्यांची माणसं तिथं राहत होती. मी त्यांना पाणी दिलं, बघते म्हणाले आणि टेबलाशी आले. अहवाल बाहेरच्या माणसाला दाखवायचा नसतो. पण मला बघायला कुणाची हरकत नव्हती.

मी रजेवर असल्यामुळे तो तसाच, मी न वाचता गेला होता. दोन पानांचा होता. पहिल्या कंपनीच्या क्लॅम्पवर ठिकठिकाणी गंज आहे, काहींना चीर गेली आहे, हे अगदी स्पष्ट लिहिलं होतं. पुढचं वाक्य 'सिमिलर्ली'नं सुरू होत होतं. सिमिलर्ली, दुसऱ्या कंपनीचे क्लॅम्पही त्यांच्या यार्डात तपासण्यात आले असून निरीक्षणं सोबत जोडली आहेत. त्यानंतरचं वाक्य होतं, ऑन द कॉन्ट्ररी, त्यांनी तपासणीच्या नोंदी व्यवस्थित ठेवल्या आहेत.

मी तिथंच थांबले. सरांच्या डोक्यात काय होतं ते मला लगेच ऐकू आलं, मराठीत. 'तसंच दुसऱ्या कंपनीचंही साहित्य तपासलं. उलट त्यांच्या नोंदी तर चांगल्या आहेत.' वाचणारा मात्र मराठी नव्हता. त्यानं वाचलं, पहिल्याचं साहित्य खराब, त्याचप्रमाणे दुसऱ्याचं. मी जोडलेली निरीक्षणं उघडून पाहिली. वीसेक फोटो, आणि प्रत्येकाखाली सरांनी लिहिलेलं 'सॅटिस्फॅक्टरी'. ते कुणी उघडलंच नसणार. त्यानं तो 'सिमिलर्ली' वाचला आणि पुढं गेला.

दुपारी सर साइटवरून आले. चेहरा उन्हानं तांबडा झालेला. मी त्यांना पॅन्ट्रीत गाठलं आणि भाई येऊन गेल्याचं सांगितलं.

"माझ्यावरच कशाला चिडायलेत ते?" सर म्हणाले. "मी तर चांगलंच लिहिलंय. मलाही कळंना क्लायंटनं असं का केलं."

"सर, सिमिलर्ली लिहिलंय तुम्ही."

"मग? तसंच म्हणजे सिमिलर्ली. शाळेत सरांनी पाठ करून घेतलंय आमच्याकडून."

"आपलं तसंच दोन कामं करतं, सर. 'आईला ताप आहे, तसंच बाबांनाही आहे.' हे सिमिलर्ली. पण 'भाजी आणा, तसंच येताना दूध आणा' यातलं तसंच म्हणजे नुसतं आणखी. दूध काही भाजीसारखं नसतं. तुम्हाला दुसरं म्हणायचं होतं, त्यांनी पहिलं वाचलं."

कागदी कपातल्या चहावर साय धरत होती, तिच्याकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गंज… दोघांनाही?"

"हो."

"आणि ते ऑन द कॉन्ट्ररी?"

"त्यानं तर आणखी घोळ झाला. ते एखाद्याचं म्हणणं खोडून काढताना वापरतात. कुणी विचारलं, 'दमला असाल ना?' आणि तुम्ही म्हणालात, 'छे, उलट बरं वाटतंय.' त्यातलं उलट ते. 'थोरला बडबड्या आहे, धाकटा उलट अबोल' यातलं उलट म्हणजे इन कॉन्ट्रास्ट. दोघांना शेजारी ठेवून फरक दाखवायचा असला की ते."

मी हे वर्गात शिकवावं तसं सांगत होते, आणि सांगता सांगता मला त्याची लाज वाटायला लागली, कारण समोरच्या माणसाचे ओठ कोरडे पडले होते.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या महिन्यात माझा करार संपतोय. नवीन करायचा का नाही, ते वर ठरायलंय. मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे. आता मीच जाऊन सांगू का, की मला इंग्रजी येत नाही म्हणून?"

"पण सर, ती माणसं…"

"मला दिसत नाही का ती माणसं?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुम्ही रजेवर नसता तर झालं नसतं हे." एवढं बोलून त्यांनी चहा तसाच ओतून दिला आणि ते निघून गेले.

त्यांचं ते शेवटचं वाक्य मला लागलं. माझी रजा मंजूर होती, अहवाल माझ्या माघारी गेला होता, त्यात माझा काही दोष नव्हता. तरीही ते वाक्य गाडीत बसल्यावर, सिग्नलला, जिना चढताना माझ्याबरोबर येत राहिलं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू यात पडू नकोस. त्यांचा अहवाल, त्यांची सही. तू वर जाऊन सांगितलंस तर एका मराठी माणसाची नोकरी तुझ्यामुळे गेली असं होईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर दुसऱ्या कुणाच्या जातीलच."

आमची मुलगी नववीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "बट आई, व्हाय कान्ट ही जस्ट से सॉरी?" तिच्या वयाला ते इतकं सरळ होतं. मी ताटं घ्यायला आत गेले.

पुढचे काही दिवस वाईट गेले. सर मला टाळत होते. मी वर जाऊन बोलायचं ठरवायचे आणि लिफ्टपाशी जाऊन परत यायचे. भाईंचा दोनदा फोन आला. पहिल्या वेळी मी म्हटलं, बघतेय. दुसऱ्या वेळी फोन उचललाच नाही. नंतर कळलं, की तेव्हा पहिल्या तुकडीची माणसं विमानतळावरून निघाली होती आणि भाई तिथून फोन करत होते. माझ्याकडून त्यांना काय हवं होतं देव जाणे. कदाचित फक्त कुणीतरी ऐकावं एवढंच.

रविवारी सकाळी, इथं तो आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, भाई जुन्या कुठल्यातरी कामाचे परवाने परत करायला ऑफिसात आले. मी काचेच्या दारातून बघत होते. त्याच वेळी सर लिफ्टमधून बाहेर आले. दोघं अगदी समोरासमोर. सरांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "कसे आहात, भाई?"

भाईंनी हात मिळवला. "गुड मॉर्निंग, सर," ते म्हणाले. "डॉक्युमेंट्स सबमिट करने आया था. थँक यू, सर." मग बाजूला होऊन त्यांनी सरांना वाट दिली.

बाकी काहीच झालं नाही. आवाजही चढला नाही. पण इतक्या वर्षांत ते सरांशी मराठी सोडून एक अक्षर बोलले नव्हते. सर वाट मिळूनही तिथंच उभे राहिले. भाई दाराबाहेर पडले, उन्हात गेले, तरी ते उभेच होते.

तासाभरानं ते माझ्या टेबलाशी आले. हातात अहवालाची प्रत होती. खुर्ची ओढून बसले.

"लिहू या," म्हणाले. "पण मी लिहिणार. तुम्ही फक्त बघा."

आम्ही दुपारभर बसलो. एका पानाचं स्पष्टीकरण, पण त्याला वेळ लागला, कारण आता त्यांना प्रत्येक शब्दाची भीती वाटत होती. पहिल्या वाक्यात त्यांनी मोठ्या कंपनीचा गंज लिहिला. पुढं काय घालायचं यावर अडले.

"हाउएव्हर चालेल?"

"चालेल. पण हाउएव्हर जरा ढिलं आहे. 'पण' म्हटल्यासारखं. तुम्हाला काय दाखवायचंय?"

"की ह्यांचं खराब आहे आणि त्यांचं चांगलं. दोन्ही एकाच नजरेत दिसलं पाहिजे. वाचणाऱ्याला वळून बघायला लागू नये."

"मग इन कॉन्ट्रास्ट घाला. नाहीतर दोन्ही एकाच वाक्यात घेऊन मध्ये व्हेअरॅज, म्हणजे आपलं 'तर'."

त्यांनी दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं. ओठांतल्या ओठांत वाचलं. शेवटी व्हेअरॅज ठेवलं, कारण मध्ये पूर्णविराम आला की कुणीतरी तिथंच थांबेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबरही होतं. मग क्लॅम्पची स्थिती, फोटोंचे क्रमांक, सगळं वाक्यातच आणलं, सोबत जोडलंय म्हणून सोडून दिलं नाही. शेवटी त्यांनी आपलं आपण एक वाक्य घातलं, की मूळ अहवालातली तुलना माझ्या शब्दयोजनेमुळे चुकीची समजली गेली आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

"हे नाही लिहिलं तरी चालेल, सर," मी म्हणाले. खरंच तसं वाटलं मला. शब्द बदलून देता आला असता, 'काही संदिग्धता राहिली' असं मोघम लिहून भागवता आलं असतं. मीच ते सुचवलं.

"नको. आता परत मोघम नको," ते म्हणाले.

आमचे विभागप्रमुख जॉर्डनचे. त्यांनी ते पान वाचलं, सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही चूक कुणाची?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "माझी." प्रमुख खांदे उडवून 'यल्ला', म्हणजे चला, म्हणाले आणि त्यांनी मेल पाठवून दिला.

क्लायंटचं उत्तर दोन दिवसांनी आलं. नोंद घेतली आहे, धन्यवाद, एवढंच. तिसऱ्या कंपनीनं द पर्लला काम सुरू केलंच होतं, ते आता बदलणार नव्हतं. भाईंच्या कंपनीचं नाव मात्र पुढच्या कामांसाठी पुन्हा घेतलं गेलं. गेलेली माणसं गेली होती. दुसऱ्या तुकडीची तिकिटं रद्द झाली की नाही, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही आणि मी विचारायला धजले नाही. शेवटी विचारलं तेव्हा भाई म्हणाले, "अर्धी पोरां हितंच राहिली."

सरांनी त्यांना स्वतः फोन करून सगळं सांगितलं होतं. काय बोलणं झालं ते सरांनी मला सांगितलं नाही. भाईंनी सांगितलं, पण थोडंच. "त्यांनी मला तो शब्द समजावला," ते म्हणाले. "मी बोललो, सायेब, तुमी मनातून चांगला लिवलात ता मला पटला. पण ज्या पोराला मी विमानात बसवला, त्येच्या आईला मी काय समजावू? तिला कुठला शब्द सांगू?"

मग म्हणाले, "सायेब रडत होते वाटतं."

महिनाअखेरीला सरांचा करार संपला आणि नवा झाला नाही. प्रकल्प कमी झालेत, असं कारण दिलं. आणखी दोघांचेही करार तेव्हाच संपले, त्यामुळे कारण खरंही असेल. स्पष्टीकरणाचा त्याच्याशी संबंध होता का, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारून कुणी सांगितलंही नसतं.

शेवटच्या दिवशी ऑफिसात केक कापला. सगळे आपापल्या टेबलाकडे गेल्यावर सर म्हणाले, "ताई, तुम्हाला त्या दिवशी बोललो ते मनात ठेवू नका. रजेचं."

"मी ठेवलंच नव्हतं," मी म्हणाले. खोटं होतं ते, आणि त्यांनाही ते कळलं असावं.

आता माझं वाचणं बदललंय. पूर्वी मी स्पेलिंग आणि क्रियापदं बघायचे, वाक्यांच्या तोंडाशी बसलेले हे शब्द मला सजावटीसारखे वाटायचे. आता 'लाइकवाइज' दिसला की मी थांबते आणि लिहिणाऱ्याला बोलावून विचारते, नक्की कशासारखं? लोक वैतागतात. केरळचा एक तरुण इंजिनिअर परवा म्हणाला, मॅडम, इट इज जस्ट अ कनेक्टर. मी त्याला फोटो उघडायला लावले आणि एकेक बघून घेतला.

दिवाळीच्या सुमाराला सरांचा लातूरहून फोन आला. पुण्यात एका बांधकाम कंपनीत काम मिळालं होतं, पगार इथल्यापेक्षा बराच कमी, पण मुलीचं चाललंय म्हणाले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "ती पहिल्या तुकडीची माणसं… काही कळलं का हो?"

मला माहीत नव्हतं. भाईंना विचारून सांगते म्हटलं. भाईंना विचारलं, तर ते म्हणाले, एक जण दुसऱ्या कंपनीतून सौदीला गेला, एकानं गावाकडं रिक्षा घेतली. बाकीचे फोन उचलत नाहीत.

मी सरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "बरं, ताई," आणि फोन ठेवला.